गुरू खाली उतरतो तेव्हा

हुमनाबादेत विज्ञानाचा तास घेताना मला एका गोष्टीची सवय करून घ्यावी लागली आहे. फळ्यावरची आकृती अर्धी काढून व्हावी आणि आभाळात घरघर ऐकू यावी, की सारा वर्ग खिडकीकडे धावतो. येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर बिदर, आणि बिदरला हवाई दलाचा मोठा तळ. लढाऊ विमानांचे वैमानिक तेथे हॉक या जेट विमानावर तयार होतात. आकाशात कसरती करून दाखविणारे ‘सूर्यकिरण’ पथक 1996 साली तेथेच जन्मास आले. 2016 साली हवाई दलात दाखल झालेल्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक, अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग, यांचेही पुढील शिक्षण बिदरलाच झाले. आणि त्यांपैकी अवनी चतुर्वेदी यांनी 19 फेब्रुवारी 2018 रोजी जामनगर येथे मिग-21 हे लढाऊ विमान एकटीने उडविले. ही सारी माहिती आमच्या मुलांना तोंडपाठ आहे.

परंतु एके दिवशी घरघर निराळी होती. एक हेलिकॉप्टर बरेच खालून गेले. ते दिसेनासे झाल्यावर शेवटच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, हे शिकवणारा माणूस शेजारी बसतो ना? मग तो उतरतो केव्हा?” मी त्या दिवशी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि धडा पुढे नेला. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. आज ते पुरे करावयाचे आहे.

हेलिकॉप्टर शिकण्याची ठिकाणे आम्हांपासून फार दूर आहेत असे नाही. आमच्या गावावरून जाणारा सोलापूर-हैदराबाद रस्ता पूर्वेकडे धरला, की हैदराबादेनजीक दुंडीगल येथे हवाई दलाची अकादमी आहे. तेथे छात्रांचा हात प्रथम पंखांच्या साध्या विमानावर बसवितात. त्यांतून ज्यांची निवड हेलिकॉप्टरसाठी होते ते सिकंदराबादजवळच्या हकीमपेटला जातात. त्याच रस्त्याने पश्चिमेकडे महाराष्ट्रात शिरून पुढे नाशिक गाठले, तर नाशिक रोडजवळ गांधीनगर येथे भूसेनेची हवाई प्रशिक्षण शाळा 2003 सालापासून आहे. 25 मे 2022 रोजी कॅप्टन अभिलाषा बराक याच शाळेतून भूसेनेच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक होऊन बाहेर पडल्या. सैन्याबाहेर नागरी शाळाही आहेत, आणि आपल्या देशात शिकाऊ वैमानिकाचा परवाना वयाच्या सोळाव्या वर्षी मिळू शकतो. वाट कोणतीही असो, या साऱ्यांच्या आयुष्यात एक सकाळ अशी येते, की शेजारची खुर्ची रिकामी असते. वैमानिकांच्या भाषेत या उड्डाणास ‘सोलो’ म्हणतात. आपण त्याला एकट्याचे उड्डाण म्हणू.

या सकाळीचे मोल कळावयाचे तर ते यंत्र कसे आहे हे आधी पाहिले पाहिजे. साधे विमान नीट तोलून सरळ उडत असेल आणि वैमानिकाने क्षणभर हात सोडले, तर ते बहुधा तसेच उडत राहते. एका जागी अधांतरी थांबलेले साधे हेलिकॉप्टर मात्र असे औदार्य दाखवीत नाही. उपड्या ताटलीवर गोटी ठेवून ती मध्यभागी राखण्याचा खेळ मुले खेळतात. गोटी सुटली की सुटली, आपण होऊन ती मध्यावर परत येत नाही. हेलिकॉप्टर अधांतरी स्थिर राखणे हा तोच खेळ आहे. फरक एवढाच, की येथे खेळणारा त्या गोटीच्या आत बसलेला असतो.

याचे कारण न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे. फिरत्या स्टुलावर एखाद्या मुलाला बसवा, त्याच्या हातात जड चाक द्या, आणि ते त्याला जोराने एका दिशेस फिरवू द्या. मुलगा स्टुलासह उलट दिशेस फिरू लागेल. हेलिकॉप्टरचे इंजिन डोक्यावरचा प्रचंड पंखा एका दिशेस फिरविते, म्हणून खालचे धड उलट फिरू पाहते. ते आवरण्यासाठी शेपटीच्या टोकाला छोटा पंखा लावलेला असतो. आपल्या सैन्यात पुष्कळ वर्षे ज्यावर शिकविले गेले त्या ‘चेतक’चा मोठा पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, पुष्कळशा अमेरिकन हेलिकॉप्टरांचा त्याच्या उलट. म्हणजे इंजिनाचा जोर वाढविताच चेतकचे नाक डावीकडे वळू पाहते, आणि उजव्या पायाने ते रोखावे लागते.

वैमानिकाला दोन्ही हात व दोन्ही पाय, सगळ्यांना काम असते. डाव्या हातात एक दांडा. तो वर उचलला की पंख्याची सर्व पाती एकदम अधिक तिरकी होतात आणि यंत्र वर उचलले जाते. उजव्या हातात दुसरा दांडा. तो ज्या बाजूस कलवावा त्या बाजूस पंख्याचा प्रतल कलतो आणि यंत्र तिकडे सरकू लागते. पायांखाली दोन पेडल. त्यांनी शेपटीचा पंखा आवरावयाचा. पण या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. डावा हात वर उचलला, की पाती जास्त तिरकी झाल्याने हवेचा विरोध वाढतो; इंजिनाला जोर लागतो; जोर लागला की धड फिरू लागते; ते पायाने रोखावे, तर शेपटीच्या पंख्याच्या वाढलेल्या ढकलीमुळे सारे यंत्र एका बाजूस सरकते; ते उजव्या हाताने सावरावे, तर उचल किंचित कमी होऊन यंत्र खाली येऊ लागते; मग पुन्हा डावा हात. एक चूक दुरुस्त करताना दुसऱ्या दोन जन्मास येतात.

म्हणून प्रशिक्षक प्रारंभी सगळा कारभार विद्यार्थ्याच्या हाती देत नाही. आधी नुसते पेडल देतो आणि दोन्ही दांडे आपल्या हाती ठेवतो. मग नुसता डावा दांडा. मग नुसता उजवा. आणि प्रत्येकाची ओळख पटल्यावर तिन्ही एकदम. तिन्ही हाती येताच काय घडते हे सांगावयास नको. यंत्र डावीकडे सरकते, विद्यार्थी घाबरून दांडा उजवीकडे ओढतो, परिणाम दिसावयास अर्धा क्षण लागतो, तेवढ्यात तो आणखी ओढतो; मग यंत्र उजवीकडे दुप्पट वेगाने निघते. झोका आवरावयाला गेलेला माणूस झोक्याला अधिकच गती देतो. बहुतेकांना अधांतरी स्थिर राहण्याची ही विद्या साधण्यास पाच ते दहा तासांचे उड्डाण लागते. आणि ती साधते तेव्हा कशाने साधते? दांडा हलविण्याने नव्हे, तर तो जवळजवळ न हलविण्याने. नुसत्या बोटांच्या दाबाने.

येथे प्रशिक्षक एक सूचना पुनःपुन्हा करीत असतो: खाली पाहू नकोस, दूर पाहा. पायाखालच्या गवताकडे पाहिले तर प्रत्येक इंचाचे सरकणे डोंगराएवढे भासते आणि हात धसमुसळे होतात. क्षितिजाकडे किंवा दूरच्या झाडाकडे नजर ठेवली, की कल लवकर कळतो आणि हात शांत राहतो. हे ऐकले तेव्हा मला शुभवर्तमानातील संत पेत्राची आठवण झाली. प्रभूकडे पाहत तो पाण्यावरून चालू लागला. वाऱ्याकडे लक्ष गेले आणि बुडू लागला. श्रद्धेचा तो धडा मी लहानपणापासून ऐकत आलो. नजर कोठे असावी याचाही तो धडा आहे, हे मला हेलिकॉप्टरने शिकविले.

आता एक प्रश्न मनात येईल. प्रत्येकाला गुरू लागतो, तर पहिल्याला कोणी शिकविले? आजच्या हेलिकॉप्टरची घडण, म्हणजे डोक्यावर एक मोठा पंखा आणि शेपटीला एक छोटा, व्यवहारात यशस्वी करून दाखविली ती इगोर सिकॉर्स्की यांनी. जन्म कीव्ह शहरातला, 1889 सालचा; रशियात क्रांती झाल्यावर 1919 साली ते अमेरिकेस गेले. पन्नाशी गाठलेली असताना, 14 सप्टेंबर 1939 रोजी, कनेक्टिकट संस्थानातील स्ट्रॅटफर्ड येथे त्यांनी आपले व्हीएस-300 हे यंत्र प्रथम जमिनीवरून उचलले. ते स्वतःच आत बसले होते. शेजारी कोणी नव्हते. कारण ही विद्या त्यांना शिकवू शकेल असा कोणी त्यांच्या आसपास नव्हताच. मग त्यांनी काय केले? यंत्राला दोर बांधून ते जमिनीशी जखडले, म्हणजे ते फार उंच जाणार नाही आणि सहज उलटणार नाही. पहिली उचल काही सेकंदांचीच होती. त्यानंतर कित्येक महिने ते दोरांच्या आधाराने शिकले, यंत्र बदलीत गेले, आणि 13 मे 1940 रोजी दोर सोडून मोकळे उडाले. गुरू नव्हता, म्हणून दोराने गुरूचे काम केले. दोराचे काम कोणते? शिकणाऱ्याला चुकू द्यावयाचे, पण चूक जिवावर बेतू द्यावयाची नाही. शेजारी बसलेला प्रशिक्षक याहून दुसरे काय करतो?

दोर सोडण्यापूर्वी एक धडा मात्र पक्का झालाच पाहिजे, आणि तो म्हणजे इंजिन बंद पडल्यावर उतरण्याचा. हेलिकॉप्टरचे इंजिन थांबले की ते दगडासारखे कोसळते, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. सायकलचे पायडल थांबविले तरी मागचे चाक फिरत राहते, तशीच व्यवस्था या पंख्यातही असते. इंजिन थांबताच वैमानिकाने डावा दांडा ताबडतोब खाली करावयाचा. पात्यांचा तिरकेपणा कमी होतो, यंत्र खाली येऊ लागते, आणि खालून वर जाणारी हवाच पंखा फिरता ठेवते. माधवीलतेचे तीन पंखांचे फळ वेलीवरून सुटले की गरगरत, सावकाश खाली येते. तोच हा प्रकार. जमिनीजवळ आल्यावर नाक उचलून वेग कमी करावयाचा, आणि शेवटच्या क्षणी डावा दांडा वर ओढून पंख्यात साठलेली गती खर्च करीत अलगद टेकावयाचे. पण दांडा खाली करण्यास उशीर झाला तर पंख्याची गती पडते, आणि लहान हलक्या हेलिकॉप्टरात या निर्णयाला सेकंदभराचाच अवधी असतो. तेथे विचार करावयास वेळ नाही. हाताला ते आधीच ठाऊक असले पाहिजे.

या युक्तीचे सामर्थ्य केवढे आहे याची साक्ष भारताशी निगडित अशा एका यंत्रानेच दिली आहे. हिमालयातील उंच ठाण्यांसाठी आपल्या सैन्याला हवे म्हणून फ्रान्समध्ये ‘लामा’ हे हेलिकॉप्टर घडविले गेले. आपल्याकडे तेच ‘चीता’ या नावाने तयार झाले. 21 जून 1972 रोजी झाँ बुले या फ्रेंच वैमानिकाने लामा 12,442 मीटर उंचीवर नेले. एव्हरेस्टच्या माथ्याहूनही साडेतीन हजार मीटर वर! आणि तेथे इंजिन विझले. बुले यांनी तेथून जमिनीपर्यंतचे सारे अंतर इंजिनाविना, नुसत्या फिरत्या पंख्यावर उतरून पार केले आणि सुखरूप टेकले. प्रशिक्षकाने विद्यार्थ्याकडून हा धडा पन्नास वेळा गिरवून घेतला तर ते जाचक वाटू नये.

आता त्या सकाळीकडे येऊ. सकाळ म्हणण्याचे कारण आहे. आमचे बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंच. चैत्र-वैशाखातील दुपारी येथली हवा तापून विरळ होते आणि विरळ हवेत पंख्याला धरावयास कमी सापडते. शिवाय उन्हाबरोबर वाराही अस्थिर होतो. म्हणून पहिल्या एकट्या उड्डाणाला थंड, शांत हवा बरी. प्रशिक्षक विद्यार्थ्यासह नेहमीसारख्या दोन-चार फेऱ्या मारतो. तो आज फारसे बोलत नाही. यंत्र जमिनीवर टेकते, आणि पंखा फिरत असतानाच तो आपला पट्टा सोडतो, खाली उतरतो. उतरल्यावर आधी एक काम करतो: रिकाम्या खुर्चीवरचा पट्टा घट्ट बांधून ठेवतो, म्हणजे तो लोंबून दांड्यात अडकणार नाही. मग वाकून, शेपटीकडे न जाता, विद्यार्थ्याच्या नजरेसमोरून चालत दूर जातो आणि उभा राहतो.

श्रोतेहो, जी गोष्ट मी त्या मुलीला त्या दिवशी सांगितली नाही ती आता येते. आपल्याला वाटते, की गुरू उतरल्याने एवढाच फरक पडला: धीर देणारा गेला. नाही. यंत्रच बदलले. जगात पुष्कळ जण ज्यावर शिकतात ते ‘रॉबिन्सन आर-22’ हे दोघांचे छोटे हेलिकॉप्टर घ्या. माणसे व इंधन धरून त्याचे जास्तीत जास्त वजन सुमारे 622 किलो. त्यातून 75 किलोचा प्रशिक्षक उतरला, म्हणजे एकंदर भाराचा जवळजवळ आठवा हिस्सा उतरला; आणि तोही एका बाजूचा. विद्यार्थी उजवीकडे बसतो, प्रशिक्षक डावीकडे. डावी बाजू हलकी होताच ती आधी उचलली जाऊ पाहते. दांडा नेहमीच्या जागी धरून चालत नाही, किंचित डावीकडे धरावा लागतो. पुढचा भारही कमी झाल्याने नाक नेहमीपेक्षा वर राहते. डावा हात नेहमीएवढा उचलला तर यंत्र अपेक्षेपेक्षा लवकर जमीन सोडते. चेतकसारख्या 2,200 किलोपर्यंतच्या हेलिकॉप्टरात हा फरक कमी जाणवतो, पण असतो. याच आर-22 साठी अमेरिकेने 1995 साली खास नियम केला, की नवशिक्याने किमान वीस तास प्रशिक्षकासह शिकल्यावाचून त्याला एकटे सोडू नये.

म्हणजे विचार करा: आजवर विद्यार्थ्याने ज्या यंत्राचा अभ्यास केला ते यंत्र गुरूच्या वजनासकट तोललेले होते. परीक्षेच्या क्षणी मात्र हाती येते ते गुरूवाचूनचे, निराळ्या तोलाचे यंत्र. म्हणून जाणता प्रशिक्षक उतरण्यापूर्वी धीराचे शब्द फार खर्चीत नाही. तो एवढेच सांगून ठेवतो: मी गेल्यावर डावी बाजू आधी उचलेल, घाई करू नकोस, दांडा जरा डावीकडे, हात थोडा कमी उचल. आपल्या अभावी काय होईल ते त्याने आपण असतानाच शिकविलेले असते.

मग विद्यार्थी डावा हात हळूच उचलतो. यंत्र हलके होते, जरा डगमगते, जमीन सोडते. माणसाच्या उंचीवर तो क्षणभर स्थिर राहतो. सारे ठीक आहे ना, पाहतो. मग नाक किंचित खाली करून पुढे निघतो. ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेग येताच यंत्राला एक सूक्ष्म थरथर जाणवते आणि ते आपण होऊन वर उचलले जाते, कारण आता पंख्याला सतत नवी, न ढवळलेली हवा मिळू लागते. तो वर चढतो, वळतो, मैदानाला चौकोनी फेरी घालतो. वळताना डावीकडे पाहावे लागते. तेथे रिकामी खुर्ची आणि बांधलेला पट्टा दिसतो. बोलणारे कोणी नाही. पण पूर्वी ऐकलेले सारे ऐकू येत असते. फेरी काही मिनिटांतच संपते. तो वेग कमी करीत खाली येतो, पुन्हा अधांतरी थांबतो आणि टेकतो. पुष्कळ ठिकाणी अशा विद्यार्थ्याला त्याचे सोबती पाण्याने भिजवून काढतात, आणि प्रशिक्षकही हसत त्यांत सामील होतो.

परंतु ती काही मिनिटे कोणाला अधिक जड गेली असतील? विद्यार्थ्याचे हातपाय कामात गुंतलेले असतात. त्याला भिण्यास सवड नसते. मैदानात उभ्या असलेल्या गुरूचे हात मात्र रिकामे असतात. चूक दिसली तरी दांडा हाती नाही. त्याने उतरण्यास घाई केली असती तर विद्यार्थ्याचा जीव गेला असता. आणि उतरण्याचे तो टाळीत राहिला असता तर वैमानिक कधी झालाच नसता. यांमधला नेमका दिवस ओळखणे हीच त्याची विद्या.

मी हे हेलिकॉप्टरविषयी बोलतो आहे, पण माझ्या डोळ्यांपुढे एक कोरे पान आहे. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी भूमितीत चांगला होता. प्रमेय सिद्ध करताना आकृतीत एखादी जास्तीची रेषा काढावी लागते. ती कोठे काढावी हे मी प्रत्येक वेळी सांगे, आणि पुढची सिद्धता तो झरझर लिही. मला वाटे, याला येते. वार्षिक परीक्षेत त्याने आकृती सुबक काढली, आणि खालचे पान कोरे ठेवले. पहिली रेषाच सुचली नाही, म्हणाला. मी त्याला वर्षभर माझ्या वजनासकट शिकविले होते; वजन उतरल्यावर तोल कसा बदलेल हे एकदाही दाखविले नव्हते. चूक त्याची नव्हती. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. प्रत्येक धड्यात एक उदाहरण असे ठेवतो, की ते सुरू झाल्यावर मी खडू खाली ठेवतो आणि वर्गाच्या मागे जाऊन उभा राहतो. ते सोपे नाही. मुले अडतात, माझ्याकडे वळून पाहतात, आणि उत्तर माझ्या ओठांवर असते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे पुरे उत्तर, तेव्हा, असे आहे. शिकवणारा उतरतो तो विद्यार्थ्याच्या चुका संपल्या म्हणून नव्हे. चुका वैमानिकाच्याही संपत नाहीत. आपली चूक आपणच ओळखून, घाबरून न जाता, बोटाच्या दाबाने सावरणे त्याला जमू लागले, आणि आपल्या जाण्याने काय बदलेल हे त्याला सांगून झाले, म्हणजे शिकवणाऱ्याने पट्टा बांधून ठेवावा आणि खाली उतरावे. उद्या तास सुरू होताच मी तिला हे सांगणार आहे. आणि मग फळ्यावर एक आकृती काढून खडू तिच्याच हाती देणार आहे.